बारावा ठिपका

दुसरं महायुद्ध चालू असताना एका वर्षी, वेळा अमावास्येच्या सकाळी, लातुरातल्या मुलींच्या एका शाळेत खेकड्याच्या पाठीवरचे ठिपके मोजण्यात आले. ते बारा भरले. आदल्या दिवशी शाळा सुटेपर्यंत ते अकरा होते. मोजणारी मुलगी चौथीत दोनदा नापास झालेली होती. मोजायला लावणाऱ्या बाईसाहेब शाळेच्या तपासणीसाठी हैदराबादहून आल्या होत्या.

खेकडा आमच्या बाईंचा होता.

बाईंचं नाव इथे देत नाही. शाळेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. गोलाईच्या बाजारपेठेपासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या आम्ही तिघी होतो, पण ‘बाई’ म्हटलं की त्या एकट्याच. उरलेल्या आम्ही दोघी नुसत्या मास्तरणी. चौथीचा वर्ग आणि शाळेचा कारभार बाईंकडे होता. माझ्याकडे दुसरी होती. मी वर्तमानपत्रात कामाला गेले ती बऱ्याच वर्षांनी.

बाई बोलायच्या आधी उजव्या हाताची तर्जनी पुढे करत आणि हवेत एक-दोन-तीन असे टोचे मारत. मग म्हणत, “आधी मोज, मग बोल.” हे वाक्य त्या मुलींना ऐकवत, भाजीवालीला ऐकवत, शेजारणींना ऐकवत. एकदा पाणवठ्यावर एक शेजारीण कोणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती.

“तिच्या माहेरचे लई लोक येऊन राहिलेत, बाई. घर भरून गेलंय.”

“मोजले का?”

“मोजायचे काय त्यात?”

“किती आले?”

शेजारणीने आठवून पाहिलं. “आई, भाऊ... अन् भावाचं लेकरू.”

“मग तीन म्हणावं. लई कशाला म्हणावं?”

शेजारीण घागर उचलून निघून गेली. पुढे आठवडाभर ती बाईंशी बोलली नाही. बाईंनी तेही मोजलं असावं, कारण आठव्या दिवशी त्या स्वतः तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सात दिवस झाले. पुरे झालं आता.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती लांबून भांडखोर वाटतात. जवळून पाहिलं की ध्यानात येतं, त्यांना भांडण्यात गोडी नसते, खरं काय ते कळण्यात असते.

बाई मूळच्या कंधारच्या, शेतकरी घरातल्या. नवरा लवकर गेला. वडील शिकलेले नव्हते, पण त्यांनी मुलीला पाटी घेऊन दिली आणि सासरच्यांना सांगून टाकलं की ही आता आमच्याकडेच राहील. धाकटा भाऊ घरातून पळून मुंबईला गेला आणि आगबोटीवर लागला. ही आगबोट लखदीव बेटांवरच्या दीपगृहांना तेल आणि धान्य पोचवत असे. तीन वर्षांनी तो घरी आला, तेव्हा आईसाठी त्याने शाल आणली आणि बहिणीसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात कापूस होता, आणि कापसात तो खेकडा.

तळहात पूर्ण भरेल एवढा. पाठ गुळगुळीत, तेल लावलेल्या लाकडासारखी. बेटावरच्या कोणी तरी आतलं मांस काढून तो उन्हात वाळवून दिला होता. मूळचा रंग उतरून फिका बदामी झाला होता, पण पाठीवरचे ठिपके विटकरी तांबडे राहिले होते. गोल, ठसठशीत, कोणी बोट बुडवून उठवल्यासारखे. प्रत्येक डोळ्यामागे दोन, मध्यावर आडवे तीन, मागच्या कडेला चार. एकूण अकरा.

आमच्याकडे खेकडा म्हणजे ओढ्याकाठच्या बिळातला, चिखलाच्या रंगाचा. अंगावर ठिपके असलेला खेकडा लातुरात कोणी पाहिलेला नव्हता. बाईंनी तो शाळेत आणला, कारण चौथीच्या अभ्यासात वस्तुपाठ असे. एखादी वस्तू मुलींच्या हातात द्यायची, त्यांनी ती पाहायची, चाचपायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. सरकारी यादीत वीट, दुधी भोपळा आणि कापसाचं बोंड होतं. बाईंचं म्हणणं असं की विटेबद्दल मुलींना बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं.

वस्तुपाठाच्या पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, “बाई, हा राहतो कुठं?”

“समुद्रात. पोवळ्याच्या खडकात.”

ही बातमी त्याच संध्याकाळी गल्लीत पोचली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार आया शाळेच्या ओट्यावर हजर. त्यांना खेकडा पाहायचा होता.

“पोवळ्याच्या खडकात म्हंजे? खऱ्या पोवळ्याच्या?”

“पोवळं तिथंच होतं ना. एक बारीक जीव असतो, त्याच्या हाडांचा खडक होतो,” बाई म्हणाल्या.

त्यातल्या एकीने आपल्या अंगठीकडे पाहिलं. “आमच्या लेकीला मंगळ हाय म्हून गव्हाएवढं पोवळं केलं, तर घरात महिनाभर बोलणी बसली. अन् ह्याचं घरच पोवळ्याचं!”

“मंगळ बाधत नसंल त्याला,” दुसरी म्हणाली.

“बाधंल कसा? आत बसलाय.”

शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी दाराआड हे ऐकत होत्या. त्या दिवसापासून कपाट पुसताना त्या डब्याला हात जोडू लागल्या.

बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि त्या तो पाहिल्यासारखं बोलत नसत. खेकड्याबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते भावाने सांगितलेलं. हा दिवसा कपारीत बसून असतो. अंधार पडला की निघतो. चाल मंद. एका बाजूची नांगी मोठी, तिने शंख-शिंपले फोडून खातो. एवढंच.

“बाई, ठिपके कशाला असतात?”

“ठाऊक न्हाई.”

“भावाला इचारा की.”

“इचारलं. त्यालाबी ठाऊक न्हाई. खेकड्याला ठाऊक असंल.”

शिकवणाऱ्या माणसाने वर्गात ‘ठाऊक नाही’ म्हणावं, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. मुलींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना बाईंच्या ‘ठाऊक हाय’वर त्यामुळे जास्त भरवसा वाटत असे.

त्या पाठाच्या शेवटी एक गोष्ट घडली. बाईंनी फळ्यावर खडूने अकरा ठिपके काढले, जसे पाठीवर होते तसे. पाट्यांवर उतरवून घ्या म्हणाल्या आणि हात धुवायला बाहेर गेल्या. परत येऊन पाट्या पाहिल्या. एकीच्या पाटीवर कमळ होतं, दोघींच्या पाट्यांवर कासव, एकीने तुळशीवृंदावन साधलं होतं. राहिलेल्यांनी गोपद्मापासून पाळण्यापर्यंत जे जमेल ते काढलं होतं. नुसते ठिपके एकाही पाटीवर नव्हते. मुलींनी रांगोळी समजून ते जोडून टाकले होते.

“हे काय केलं?”

“बाई, तुम्ही ठिपके देऊन गेल्या की.”

“मग?”

“मग रेघा आम्हाला ओढायच्या होत्या.”

बाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना. दोन खोल्या पलीकडे माझा वर्ग होता, माझ्या मुली काय झालं म्हणून पाहायला धावल्या. हसून झाल्यावर बाईंनी पाट्या पुन्हा एकेक करून पाहिल्या आणि विचारलं, “रांगोळीत ठिपके कसे असतात?”

“डावीकडं तेवढेच उजवीकडं,” सुभद्रा नावाची मुलगी म्हणाली. “न्हाईतर मध्यावर.”

“अन् ह्याच्या पाठीवर?”

सुभद्राने खेकडा हातात घेऊन पाहिला. “तसंच हाय.” जरा वेळाने म्हणाली, “बाई, ह्याला कोण शिकवलं?”

बाईंनी हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. तो बरेच दिवस पुसला नाही.

सुभद्राबद्दल इथे थोडं सांगायला हवं. तिचे वडील शेतकरी. गावालगत जमीन, घरात खाऊन-पिऊन सुख. मुलगी हुशार आहे हे त्यांना दिसत होतं, पण शाळेत वर्ग चौथीपर्यंतच होते. पाचवी मुलग्यांच्या शाळेत, तिथे मुलगी पाठवायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे चौथी पास झाली की मुलगी घरी बसे आणि वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न होई. बाई दर वर्षी पाचवीच्या वर्गासाठी अर्ज करत. दर वर्षी उत्तर येई की पुढच्या तपासणीत पाहू.

म्हणून बाईंनी एक मार्ग काढला. ज्या मुलींना शिकायचं होतं त्यांना त्यांनी चौथीत नापास करायला सुरुवात केली. नापास मुलगी शाळेतच राहते. पाचवीचा वर्ग येईपर्यंत तिला थांबवून धरायचं, आणि तोवर वर्गात मागच्या भिंतीशी बसवून पाचवीचं शिकवायचं. अशा तीन मुली होत्या. सुभद्राचं हे दुसरं वर्ष. मुलींना हे माहीत होतं. आम्हा दोघींनाही. घरी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

सुभद्राचे वडील निकालाच्या दिवशी शाळेत आले होते, तेव्हा मी तिथे होते.

“बाई, पुन्हा नापास?”

“गणितात कच्ची हाय.”

“घरी ज्वारीची रास तोंडी सांगते. इतक्या पायल्या, इतके मण. माझं चुकतं, तिचं चुकत न्हाई.”

“रास येगळी, गणित येगळं.”

त्यांनी बाईंकडे पाहिलं. “बाई, मी अडाणी हाय. पण मोजता मलाबी येतं. पोरीचं दहावं सरलं. पाहुणे इचारून राहिलेत. ही एक बारी बघतो. पाचवी आली तर शिकंल. न्हाई आली तर पास होऊ द्या का नापास, पोरगी घरी.”

बाईंनी मान डोलावली. तर्जनी पुढे आली नाही.

त्या वर्षी तपासणीचं पत्र आलं. पत्रावर बहमन महिन्यातली तारीख होती. निजाम सरकारचे महिने आमच्या घरातल्या महिन्यांशी जुळत नसत, म्हणून बाईंनी पंचांग काढून मिळवून पाहिलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. तारीख वेळा अमावास्येची होती.

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वेळा अमावास्येला, आमच्याकडे म्हणतात तसं येळवशीला, गाव रिकामं होतं. सकाळी बैलगाड्या भरून सगळं घर शेतात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना हळद-कुंकू लावून पुजतात. मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातलं आंबिल. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. शुक्रवारची सुट्टी सरकारची, येळवशीची कोणी दिली नव्हती, पण त्या दिवशी शाळेत कोणी येत नसे. हैदराबादेत हे कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

“तारीख बदलून मागू,” मी म्हणाले.

“म्हंजे पुढचं साल. पुढच्या साली सुभद्रा कुठं असंल?”

आदल्या दिवशी बाई घरोघर गेल्या. मी बरोबर होते. प्रत्येक दारात एकच मागणं: “दहा वाजेपर्यंत पोरी द्या. मग न्या शेतात.” बायकांनी कुरकुर केली. भज्जी कोण निवडणार, उंडे कोण वळणार? बाई म्हणाल्या, “मी येते वळायला.” आणि दोन घरांत त्या खरंच वळत बसल्या.

येळवशीला सकाळी आठ वाजता शाळेसमोर सात बैलगाड्या उभ्या होत्या. गाड्यांत आंबिलाचे मातीचे बिंदगे, बुट्ट्या, म्हातारी माणसं. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती, त्यामुळे तपासणी संपेपर्यंत घुंगरं वाजत राहिली. मुली नवी परकर-पोलकी घालून वर्गात बसल्या. एकही गैरहजर नव्हती.

तपासणीच्या बाईसाहेब उदगीरपर्यंत रेल्वेने आणि पुढे मोटारीने आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, चष्म्याआडून थेट पाहणाऱ्या. उर्दू बोलत. मराठी त्यांना कळत असे. दारात उभं राहून त्यांनी आधी गाड्या पाहिल्या.

“ये बारात किसकी है?”

बाईंनी येळवस समजावून सांगितली. बाईसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “तो जल्दी करें. बैल भूखे होंगे.”

पहिली-दुसरी-तिसरी झाली. चौथीच्या वर्गात त्यांनी खुर्ची घेतली आणि मागच्या दोन वर्षांचे निकाल मागितले. ते पाहताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी दाराशी उभी होते.

“पाँचवीं जमात माँगती हैं आप,” त्या बाईंना म्हणाल्या. “यहाँ तो चौथी में ही लड़कियाँ दो-दो बार नाकाम हो रही हैं. ये सुभद्रा कौन है?”

सुभद्रा उठली.

“इधर आओ. आज का सबक क्या है?”

सबक फळ्यावर होता. बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘ठिपक्यांचा खेकडा. ठिपके अकरा.’ टेबलावर डबा होता. बाईसाहेबांनी कापसातून खेकडा उचलला. त्यांनीही असा पाहिलेला नसावा, कारण तो दोनदा उलटसुलट केला. मग सुभद्राच्या हातावर ठेवला.

“गिनो. कितने हैं?”

सुभद्राने फळ्याकडे पाहिलं नाही. बोटाने मोजलं.

“बारा.”

वर्गात कोणी तरी “अगं!” म्हणालं. बाई भिंतीशी उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत. मी दारातून हाताची दहा बोटं दाखवली आणि मग एक. सुभद्राने पाहिलं नाही, बाईंनी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी हात पदराखाली घेतला.

“तख्ते पर ग्यारह लिखा है,” बाईसाहेब म्हणाल्या.

“व्हय. पण हे बारा हायेत.”

“फिर गलत कौन है? तख्ता, या तू?”

सुभद्राने बाईंकडे पाहिलं. बाई एवढंच म्हणाल्या, “मोज.”

तिने पुन्हा मोजलं, या वेळी ओळीने आणि मोठ्याने. डाव्या डोळ्यामागे दोन, उजव्या डोळ्यामागे दोन. मध्ये तीन. मागे चार. बोट थांबलं. मधल्या आणि मागच्या ओळींच्या मध्ये, डाव्या अंगाला, एक आणखी होता. तसाच गोल, तसाच विटकरी.

“हा एकटा हाय,” ती म्हणाली.

“मतलब?”

“ह्याला जोडीदार न्हाई. उजवीकडं असाच पायजे होता. अर्धी रांगोळी कोण घालतं?”

तिने खेकडा नाकाशी नेला. मग उजव्या हाताचं बोट जिभेवर ओलं केलं आणि एकेक ठिपका चोळू लागली. पहिला चोळला, बोट पाहिलं. दुसरा चोळला, बोट पाहिलं. घाई केली नाही. बाहेर घुंगरं वाजत होती. अकरा ठिपके झाले, बोट कोरडं राहिलं. शेवटी त्या एकट्यावर आली. तो पुसला गेला, आणि बोट तांबडं झालं.

तिने बोट बाईसाहेबांसमोर धरलं. “अकराच. हे कुकू हाय. तेलातलं.”

सगळ्या वर्गाने मागे वळून पाहिलं. दाराशी माझ्या शेजारी शाळेतल्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं माय! म्याच लावलं की सकाळी! घंटीला लावलं, उंबऱ्याला लावलं, फळ्याला लावलं. येळवशीचा दिस. पोवळ्याच्या घरचा पाहुणा, त्यालाच कसं सोडावं?”

बाईसाहेबांनी घंटेकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, फळ्याच्या चौकटीकडे पाहिलं. सगळीकडे कुंकू होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्या हसत होत्या हे मुलींच्या जरा उशिराने ध्यानात आलं, आणि मग सगळा वर्ग हसला. मावशीही हसल्या.

हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा लावला. सुभद्राला त्यांनी बाजारातली तीन गणितं तोंडी घातली. तिन्ही बरोबर आली. मागच्या भिंतीशी बसलेल्या दुसऱ्या दोघींना उठवलं. त्यांचीही आली. मग निकालाचा कागद पुढे ओढला.

“बाईजी, ये लड़की दो बार नाकाम कैसे हुई?”

मला वाटलं, बाई म्हणतील की आजारी होती, की उशिरा उमजलं. सांगण्यासारख्या पाच-सहा गोष्टी होत्या.

“नाकाम झाली न्हाई,” बाई म्हणाल्या. “मीच केली. पास केली असती तर घरी बसली असती. अशा तीन हायेत. पाचवी येईपर्यंत धरून ठेवल्यात.”

“आपने सरकारी नतीजे में झूठ लिखा?”

“व्हय. तीन पोरींचं. एकीचं दोनदा, दोघींचं एकदा. चार वेळा लिहिलं.”

बाईसाहेबांनी ते ‘चार’ही आपल्या वहीत लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तेवढ्यात खिडकीतून सुभद्राच्या वडिलांचा आवाज आला. ते किती वेळ तिथे उभे होते, कोणास ठाऊक.

“बाई! झालं असंल तर सोडा आता. आंबिल आंबून चाललंय. अन् त्या हैदराबादच्या बाईसाहेबांनाबी घेऊन या. सणाच्या दिशी पाहुणा उपाशी जाऊ नये.”

बाईसाहेब सुभद्राच्या वडिलांच्या गाडीतून शेतात गेल्या, बरोबर बाई आणि मीही. बुरख्याची कड सावरत बाईसाहेब ज्वारीच्या ताटांतून चालल्या. कोपीपासून थोड्या अंतरावर त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली होती. त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली आणि ती कशी करतात ते सुभद्राच्या आईकडून लिहून घेतलं, त्याच वहीत. आंबिल एकच घोट प्यायल्या. परत येताना वाटेत सुभद्राचे वडील आमच्या बाईंजवळ आले.

“म्हंजे पोरगी पासच होती?”

“व्हय.”

“दोन्ही बारीला?”

“व्हय. तुम्हाला फसवलं.”

“मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “रास चुकत न्हाई तिची.” आणि मग ते एकटेच हसले.

पावणेतीन महिन्यांनी हैदराबादहून लिफाफा आला. त्यात दोन कागद होते. पहिल्यात शाळेला पाचवीचा वर्ग मंजूर झाल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात, निकालात खोट्या नोंदी केल्याबद्दल बाईंची नांदेडपलीकडच्या इस्लापूरला बदली. दोन्हीवर सही एकाच हाताची.

बाईंनी दोन्ही कागद वर्गात मोठ्याने वाचले. मुली पहिल्यावर टाळ्या वाजवायच्या की दुसऱ्यावर रडायचं या गोंधळात पडल्या. बाई म्हणाल्या, “एकाच लिफाफ्यात बक्षीस अन् छडी! तिकीट वाचवलं बाईसाहेबांनी.” आणि मावशींना गूळ आणायला पाठवलं.

संध्याकाळी सुभद्राचे वडील आणखी चार जणांना घेऊन आले. हैदराबादला अर्ज करायचा, गरज पडली तर जाऊन भेटायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

“कशाचा अर्ज?” बाईंनी विचारलं. “कागदात काही चूक हाय का? मी खोटं लिहिलं का न्हाई?”

“लिहिलं.”

“पाचवी आली का न्हाई?”

“आली.”

“मग दोन्ही बरोबर हाय. गूळ खा.”

बाई गेल्या तो दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीतला. नांदेडची मोटार गोलाईजवळून सुटे. निरोपाला गल्ली जमली होती. पाणवठ्यावरची ती शेजारीणही होती. एक वळकटी, एक छत्री, आणि मांडीवर पत्र्याचा डबा. सुभद्रा खिडकीशी उभी होती. ती रडत होती आणि रडणं लपवायचा प्रयत्न करत नव्हती.

“ऐक,” बाई म्हणाल्या. “पाचवीत नापास झालीस तर खरी नापास होशील. आता मी न्हाई.”

सुभद्रा रडता रडता हसली. मोटार सुटली.

सुट्टी संपल्यावर पाचवीचा वर्ग उघडला. पहिल्या दिवशी पटावर आठ मुली होत्या. आठही हजर होत्या. त्यांना शिकवायला बीदरहून नव्या बाई आल्या होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या बाई इस्लापूरच्या शाळेत रुजू झाल्या. तिथे तेव्हा मुलींचा वर्ग नव्हता.